गाडीचे दुखणे आणि वैद्याचे दुकान

गेल्या वर्षी आषाढाच्या प्रारंभी आम्ही आमची सहा वर्षांची चारचाकी वार्षिक सर्व्हिसिंगसाठी आबिड्सच्या बाजूस असलेल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन उभी केली. गाडीने तोवर ५२,००० किलोमीटर अंतर कापले होते. तक्रार म्हणाल तर एकही नव्हती. कन्येस नांदेडला महाविद्यालयाच्या वसतिगृहात पोचवावयाचे होते आणि देगलूरकडचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे ठाऊक होते, म्हणून निघण्यापूर्वी गाडी एकदा जाणत्या हातांखालून जावी एवढाच हेतू. तासाभराने गळ्यात ओळखपत्र अडकविलेला एक तरतरीत तरुण हातात पाटीएवढा टॅब घेऊन आमच्यासमोर येऊन बसला आणि अत्यंत अदबीने त्याने अंदाजपत्रक वाचून दाखविले. एकूण ४१,३०० रुपये.

कन्येच्या शिक्षणाचे व वसतिगृहाचे जे शुल्क आम्हांस त्याच पंधरवड्यात भरावयाचे होते, त्याच्या निम्म्याहून ही रक्कम अधिक होती. आम्ही चष्मा पुसून ती यादी स्वतः वाचली. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर व एअर फिल्टर यांसह नेहमीची सर्व्हिस ५,४०० रुपये. पुढील ब्रेक पॅड ३,१०० आणि पुढच्या दोन्ही डिस्क ६,८००. ब्रेक ऑइल ९००. इंजेक्टर व थ्रॉटल यांची सफाई ३,६००. इंजिन फ्लशिंग १,२००. एसीची सफाई व निर्जंतुकीकरण २,४००. चाकांचे अलाइनमेंट व बॅलन्सिंग १,५००. दोन्ही लोअर आर्म ४,७००. बॅटरी ५,६००. गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप ४,२००, आणि आतील बैठकींचे सौंदर्यवर्धन १,९००. हे शेवटचे कलम वाचून सौभाग्यवतींना हसू आले. आम्हांस मात्र आले नाही.

"सर, रेकमेंडेड आहे," असे तो तरुण प्रत्येक कलमानंतर म्हणत होता. हा शब्द आम्हांस पुढे अनेक दिवस पुरला. शिफारस कोणाची? गाडी बनविणाऱ्या कारखान्याची, तपासणाऱ्या कारागिराची, की दुकानाच्या महिनाअखेरीची? तिन्ही शिफारशी एकाच कागदावर, एकाच ठशात, एकाखाली एक लिहिल्या की त्यांतील भेद पुसला जातो. आणि प्रस्तुत लेखाचा सारा प्रपंच तो भेद पुन्हा उकरून काढण्याचा आहे.

ज्या वस्तीत हा प्रसंग घडला तिच्या नावाचीच कथा येथे आठवते. सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांच्या खास सेवेत आल्बर्ट आबिद नावाचा आर्मेनियन गृहस्थ होता. सरकारांच्या पोशाखाची व्यवस्था त्याच्याकडे असे, आणि या भागात त्याचे स्वतःचे मोठे दुकानही होते. त्या दुकानावरूनच वस्तीला आबिड्स हे नाव पडले. सरकारांना काय हवे हे सांगणारा आणि ते पुरविणारा हा एकच इसम, त्यामुळे त्याची भरभराट झाली यात नवल नाही. सरकारांनी एकदा वापरलेली वस्तू पुन्हा दुकानात येई आणि पुन्हा विकली जाई, असेही जुने लोक सांगतात; खरेखोटे आबिदसाहेब जाणोत. निजामांच्या कपड्यांचे ते लांबच लांब कपाट पुरानी हवेलीतील संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. ते पाहताना आम्हांस नेहमी वाटत आले की, सल्ला देणारा व विकणारा एकच असला म्हणजे कपाट लांबतच जावयाचे.

सर्व्हिस सेंटरची स्थिती याहून फारशी निराळी नाही. नवी गाडी विकताना विक्रेत्याला सुटणारा नफा स्पर्धेमुळे बेताचा असतो. दुकानाचा गाडा चालतो तो सुटे भाग, मजुरी, विमा आणि असले लेप यांच्यावर. समोर बसलेल्या सल्लागाराच्या पगारातील काही भाग बहुधा या विक्रीशी बांधलेला असतो. म्हणून तो लबाड ठरतो असे नव्हे. वैद्यच औषधाच्या दुकानाचा मालक असला तर त्याचे निदान खोटे असेलच असे नाही. परंतु रोग्याने नाडी एकदा अन्यत्र दाखवावी, इतका संशय रास्त होय.

पण येथेच आम्हांस आमच्या स्वतःच्या शहाणपणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण संशयाचेही बिल येते. २०१३ साली आमच्याकडे एक जुनी गाडी होती. तिच्या तपासणीच्या वेळी असाच एक तरुण म्हणाला की, वॉटर पंपातून कूलंट झिरपत आहे, पंप बदलावा लागेल, ३,२०० रुपये. आम्ही मनाशी हसलो. 'हे सगळे असेच सांगतात' हे वाक्य आमच्या ओठांवर तयार होते. आठच दिवसांनी वृद्ध मातोश्रींना घेऊन तुळजापूरच्या वाटेवर असताना जहीराबादच्या पुढे तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. आम्हांस तो दिसला नाही. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा कळले. मे महिन्याचे ऊन, सोलापूर रस्त्यावरचा एकुलता एक बाभळीचा आडोसा, आणि पदराने वारा घेत मातोश्री म्हणत होत्या, "देवीला नसेल यायचं आपण." इंजिन तापून हेड गॅस्केट गेले होते. ट्रकला बांधून गाडी परत आणणे धरून २१,००० रुपये खर्च आला. त्या तरुणाचा एकही शब्द खोटा नव्हता. खोटा होता तो आमचा सरसकट अविश्वास.

तेव्हा ४१,३०० रुपयांच्या यादीसमोर आमचे मन दोन्हीकडून घाबरलेले होते. सगळे मान्य करावे तर शुल्काचे पैसे जातात. सगळे नाकारावे तर त्याच गाडीतून मुलीला न्यावयाचे आहे. आम्ही त्या तरुणास म्हटले, "बाबा, आम्ही मास्तर आहोत. उत्तर बरोबर असले तरी रीत दाखविल्याशिवाय गुण देत नाही. प्रत्येक कलमापुढे तू रीत मांड."

पहिली रीत गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत गाडीच्या खणात पिशवीतून न काढलेल्या अवस्थेत सापडते. आमचीही तशीच होती. तिच्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलावे, काय नुसते तपासावे, याचा तक्ता असतो. गाडी बनविणाऱ्याची खरी शिफारस ती. तेल व फिल्टर त्यात होते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी होते आणि आमचे तर साडेतीन वर्षे झाले तरी बदललेले नव्हते. इंजेक्टरची सफाई, इंजिन फ्लशिंग, पोटाचा लेप, बैठकींचे सौंदर्य यांचा त्या तक्त्यात नामनिर्देशही नव्हता. हे दाखविल्यावर तो तरुण किंचित ओशाळला आणि म्हणाला की, हे 'ॲडिशनल' आहे. चांगला शब्द.

ब्रेक ऑइल हे नाव आम्ही सारे वापरतो, पण त्याचा वंगणाशी संबंध नाही. पायाचा दाब चाकापर्यंत पोचविणारे ते द्रव आहे आणि हवेतील ओलावा शोषून घेण्याचा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ या प्रतीचे नवे द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक दाबून चाक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबले जात नाही. आणि पायाखालचे पेडल मऊ होऊन खाली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, आवाज येत नाही, गाडी रोजच्या रस्त्यावर नीट चालते. अशा कलमाला आम्ही नऊशे रुपये विनातक्रार दिले. त्या यादीतील सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत महत्त्वाची निघावी, ही गंमत आम्हांस व्याकरणातील अनुस्वारासारखी वाटली.

दुसरी रीत डोळ्यांनी पाहण्याची. ब्रेक पॅड संपले म्हणता, तर दाखवा. येथे थोडी खळखळ झाली. ग्राहकांना आत येण्यास मनाई आहे, अशी पाटी काचेवर लावलेली होती. आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुनी पुस्तके विकावयास बसणारा माणूस दहा रुपयांचे पुस्तकसुद्धा उलटून पाहू देतो. गेली तीस वर्षे आम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसून पानेच्या पाने वाचीत आलो, त्याने कधी काच आड केली नाही. इकडे चाळीस हजारांचा व्यवहार आणि मध्ये काच! अखेर पर्यवेक्षकांनी परवानगी दिली. आत चाक उतरविलेल्या गाडीपाशी जो कारागीर उभा होता त्याने आम्हांस पाहताच हातातला पाना खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला. आमच्याच शाळेतून दहावी झालेला मुलगा. नाव आम्हांस आठवले, बाक आठवला, गणितातील गुणही आठवले. ते येथे सांगत नाही.

त्याने पॅड काढून तळहातावर ठेवला. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. दोन-तीन मिलिमीटर उरले की बदलावयाचा. आमच्या पॅडवर अडीच मिलिमीटरही जेमतेम होते. आणखी थोडे झिजले असते तर धातूची पट्टी डिस्कला लागून कर्कश किंचाळी सुरू झाली असती, आणि तीही न ऐकली तर पॅडचे लोखंड डिस्कवर घासून तिलाही खाऊन टाकते. हे कलम निर्विवाद होते. "आणि डिस्क?" आम्ही विचारले. बाहेरचा सल्लागार म्हणाला, झिजल्या आहेत. किती, ते त्याला सांगता येईना. आमच्या विद्यार्थ्याने डिस्ककडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, ब्रेक पॅड का काम करा लेना. बाकी का आप सोच लो." एवढे बोलून तो पुन्हा पान्याकडे वळला. त्याची नोकरी तेथे आहे. याहून अधिक त्याच्याकडून ऐकणे हे शिक्षकाला शोभले नसते.

आम्ही तेथे तीनच कलमांवर सही केली: नेहमीची सर्व्हिस, पॅड, ब्रेक ऑइल. ९,४०० रुपये. काढलेले जुने पॅड मागून घेतले. उरलेल्या कलमांसाठी दोन दिवसांची मुदत मागितली. मुदत मागता येते, हेच पुष्कळांना सुचत नाही. काम अर्धे झाले, गाडी उंचावर टांगलेली, बायको घड्याळ पाहते आहे, अशा घटकेला माणूस होकार देऊन मोकळा होतो, आणि हे विकणाऱ्याला चांगले माहीत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतील विज्ञानशिक्षकांकडून आम्ही व्हर्नियर मागून घेतला आणि जामबागेच्या मागील गल्लीत आमच्या ओळखीच्या एका उस्तादांकडे गेलो. हैदराबादेत मोटारीच्या कारागिराला उस्ताद म्हणण्याची रीत आहे. वय सत्तरीला टेकलेले, अंगात काळवंडलेला झब्बा, कानामागे पेन्सिल. त्यांनी चाक उतरविले. डिस्कच्या कडेवर किंवा तिच्या मधल्या भागावर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर १८ मिलिमीटर असे होते. काठाला गंजाची एक उंच कड तयार झालेली असते, ती टाळून आतल्या बाजूस मापावे लागते. व्हर्नियर १८.९ दाखवीत होता. दुसऱ्या चाकाला १८.८. पृष्ठभागावर खोल चरे नव्हते, ब्रेक दाबताना सुकाणू थरथरत नव्हते. ६,८०० रुपयांच्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतील एका उपकरणाने पाच मिनिटांत दिले. उस्ताद म्हणाले, "साब, डिस्क को कुच नै हुआ. दो साल आराम से जाती."

लोअर आर्मबाबत मात्र सर्व्हिस सेंटर अर्धे खरे होते. उस्तादांनी गाडी जॅकवर उचलून लोखंडी पहारीने तो भाग हलवून दाखविला. डाव्या बाजूच्या रबरी बुशाला चीर गेली होती, उजवी बाजू शाबूत होती. सेंटरच्या हिशेबात दोन्ही आर्म संपूर्ण बदलावयाचे होते. उस्तादांनी डावीकडील बुश तेवढा काढून नवा बसविला. १,९०० रुपये. त्यानंतर टायरच्या दुकानात अलाइनमेंट, ७०० रुपये. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: अलाइनमेंट आधी करून मग आर्मला हात लावला असता तर ते पैसे वाया जाऊन पुन्हा अलाइनमेंट करावे लागले असते. एसीला थंडावा उत्तम होता, किंचित कुबट वास येई. त्याचे मूळ हातमोज्यांच्या खणामागे असलेल्या जाळीत निघाले. नवी जाळी ३५० रुपये, ती आमच्या कन्येने स्वतः बसविली.

इंजेक्टरच्या सफाईविषयी आम्ही उस्तादांना विचारले. त्यांनी उलट विचारले, गाडी झटके देते का, ॲव्हरेज उतरला का, सकाळी सुरू होण्यास कुरकुरते का? तिन्हींचे उत्तर नाही. मग कशाला? लक्षणाशिवाय औषध नको, हे आम्हांस पटले. पोटाच्या लेपाचा उपयोग खाऱ्या हवेत आहे. गोव्यात वा रत्नागिरीत राहणाऱ्या आमच्या नातलगांनी तो जरूर लावावा. दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या गाडीचे पोट सहा वर्षांनंतरही कोरडे ठणठणीत होते.

उस्तादांचे हे गुणगान ऐकून कोणी गल्लीतील कारागिराला देवमाणूस समजू नये. त्याच दिवशी त्यांनी आम्हांस आग्रहाने सांगितले की, सर्व्हिस सेंटरवाले पाण्यासारखे पातळ तेल घालतात, पुढच्या वेळी जाड तेल घाला, इंजिन म्हातारे होत चालले आहे. पुस्तिकेत आमच्या इंजिनासाठी ५डब्ल्यू-३० हे तेल छापलेले आहे. जुन्या काळच्या गाड्यांना २०डब्ल्यू-५० चालत असे, उस्तादांचा हात त्या गाड्यांवर बसलेला. अलीकडील इंजिनांतील फटी अरुंद असतात. जाड तेल सकाळी वर चढण्यास वेळ लावते आणि इंधनही अधिक जाते. येथे आम्ही उस्तादांचा आदर राखून पुस्तिकेचे ऐकले. शिवाय गल्लीत बनावट सुट्या भागांची भीती असते. सीलबंद वेष्टन, त्यावरील छापील किंमत आणि भाग-क्रमांक पाहून घेणे, व पावती मागणे, हे तेथेही चुकत नाही. पावती मागितल्यावर उस्ताद हसले. पण त्यांनी वहीचे पान फाडून लिहून दिली.

ही हकीकत आम्ही इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात चार परिचितांना सांगितली, तेव्हा बहुतेकांची अडचण एकच निघाली. बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल, असे त्यांना सांगण्यात आलेले. आमच्या गाडीची वॉरंटी तर केव्हाच संपली होती, तरी आम्हांसही तोच धाक घालण्यात आला होता. या धाकाचा निवाडा आपल्या देशात झालेला आहे, आणि तो गाडीवाल्या प्रत्येक घराला माहीत असावा.

२०११ साली एका गाडीमालकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. तक्रारीचा आशय असा की, कंपन्या सुटे भाग व तपासणीची यंत्रे आपल्या अधिकृत विक्रेत्यांखेरीज कोणास मिळू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र कारागिराचा हात बांधला जातो आणि गिऱ्हाइकास सांगतील ती किंमत मोजावी लागते. आरंभी तीन कंपन्यांपुरती असलेली ही चौकशी पुढे बहुतेक साऱ्या मोठ्या मोटार कंपन्यांपर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी ठरवून एकंदर २,५४४ कोटींहून अधिक रुपयांचा दंड केला. दंडाचा वाद त्यानंतर अपिलांत व न्यायालयांत गेला, तो लांबला. पण आदेशातील एक सूत्र आम्हांस दंडापेक्षा मोलाचे वाटते. बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले. म्हणजे बाहेर टायर बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी जाते हा युक्तिवाद टिकावयाचा नाही. अर्थात वॉरंटीच्या काळात ठरलेल्या मुदतीत सर्व्हिस होणे, तेल सांगितलेल्या प्रतीचे असणे आणि पावत्या जपून ठेवणे हे आपले काम. आमचा सल्ला असा की, वॉरंटी असेतो नेहमीची सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करावी. त्यातील 'ॲडिशनल' मात्र नम्रपणे वगळावे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक स्वतंत्र पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व घरातील विजेची उपकरणे यांच्या जोडीने मोटारींचाही त्यात समावेश आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा 'ग्राहक' हा शब्द दुकानाच्या पाटीपलीकडे फारसा गेलेला नव्हता. आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मागूनही बिल न देणे ही त्यात अनुचित प्रथा गणली जाते. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. आणि ज्या वस्तूसाठी वा सेवेसाठी पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल, तिच्याविषयी जिल्हा आयोगापुढे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही. परवानगीविना काम केले, न बदललेल्या भागाचे पैसे लावले, अशा प्रसंगी सही केलेले जॉबकार्ड व अंदाजपत्रक यांचाच आधार असतो. म्हणून कोऱ्या जॉबकार्डवर सही करून 'बघा काय ते' म्हणण्याची आपली जी मराठी दिलदारी, ती या एका ठिकाणी आवरावी.

आता बॅटरी. ती आम्ही नाकारली, आणि हे सांगण्यात कमीपणा नाही की, तेथे सर्व्हिस सेंटर बरोबर होते व आम्ही चुकलो. बॅटरीच्या दुकानात यंत्र लावून पाहिले तेव्हा ती उत्तीर्ण झाली होती, पण काठावर. चार वर्षांची बॅटरी. हैदराबादचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही. भाद्रपदात, तिमाही परीक्षेच्या सकाळी, किल्ली फिरविली तर नुसता टक्‌ असा आवाज. आम्ही रिक्षाने शाळेत गेलो. दुपारी दुकानदाराने घरी येऊन नवी बसवून दिली. जुनी परत घेऊन ४,४०० रुपये.

तरीही तो नकार आम्हांस चुकीचा वाटत नाही. यादीतील प्रत्येक कलमाला आम्ही एक प्रश्न विचारला होता: याचे म्हणणे खरे असून आम्ही ते नाकारले, तर काय होईल? बॅटरी दगा देते तेव्हा गाडी दारात उभी राहते. ब्रेक दगा देतो तेव्हा गाडी उभी राहत नाही. कूलंटचा दगा कसा असतो हे मातोश्रींनी पाहिलेच होते. सुकाणू, टायर, ब्रेक, कूलंट आणि, ज्या गाड्यांत रबरी टायमिंग बेल्ट असतो त्यांत तो बेल्ट, एवढ्या गोष्टींत आम्ही संशयाचा फायदा दुकानाला देतो. उरलेल्या साऱ्यांत तो आमच्या खिशाला. टायरचेही मापच आहे: खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्यानेही बाद होतो, आणि खाचांच्या तळाशी त्याची खूण ओतलेलीच असते. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत जन्मतारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

एकूण हिशेब सौभाग्यवतींच्या वहीत आहे. सर्व्हिस सेंटर ९,४००, बुश, अलाइनमेंट व एसीची जाळी मिळून २,९५०, पुढे बॅटरी ४,४००. म्हणजे १६,७५० रुपये. शुल्क मुदतीत भरले. नांदेडच्या वाटेवर देगलूरच्या अलीकडे पावसात एक म्हैस अचानक रस्त्यावर आली, तेव्हा कन्या मागच्या आसनावर झोपलेली होती. गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीने आमच्याकडे पाहिले आणि सावकाश रस्ता ओलांडला. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या फक्त मागे वळून मुलीकडे पाहत राहिल्या.

या वर्षीच्या सर्व्हिसिंगला आम्ही पुन्हा त्याच सेंटरमध्ये गेलो. तोच तरुण होता. यादी वाचण्यापूर्वी त्याने विचारले, "सर, आत येऊन बघणार का?" डिस्क आता १८.५ वर आल्या आहेत. व्हर्नियर विज्ञानशिक्षकांनी अजून परत मागितलेला नाही.